अर्जदार क्रमांक दोन

फेब्रुवारी २०२२ मध्ये मी दुसरं लग्न केलं आणि मार्चच्या दहा तारखेला लेकीची पोटगी आली नाही. वाट बघून वीस तारखेला मी तिच्या बापाला मेसेज टाकला. उत्तर आलं, "आता नवरा आहे ना तुला? मग पोरीला त्यानंच सांभाळायचं. मी वकिलाला विचारलंय."

मी एका पतसंस्थेत कॅशियर आहे. थकलेल्या हप्त्यांसाठी लोकांना फोन करणं हे रोजच्या कामातलंच. "दादा, एक तारीख सांगा आणि त्या तारखेला भरा," हे वाक्य तोंडात बसलेलं. पण स्वतःच्या लेकीच्या थकबाकीसाठी मी चौदा महिने कुणाला काही विचारलं नाही.

कारण सांगायचं तर लाज. आई म्हणाली, "झालं गेलं सोड. नव्या घरात जुन्या घरचा पैसा नको." मावशीचं त्याहून वरचढ, "पोरीसकट पदरात घेतलंय जावयानं. त्यात तू कोर्टकचेऱ्या करत बसलीस तर काय वाटेल त्याला?" आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात तेच होतं. आपण लग्न केलं म्हणजे तो हक्क आपल्या हातानं सोडला. नवा जामीनदार आला की जुना सुटतो, तसं काहीसं.

ह्यांना खरंच काय वाटतं ते मी विचारलंच नव्हतं. ह्यांचंही हे दुसरं लग्न. हे शिरवळच्या एमआयडीसीत फिटर आहेत. पहिला मुलगा कऱ्हाडला आईजवळ असतो. २०१९ मध्ये त्यांचा संमतीनं घटस्फोट झाला तेव्हा मुलासाठी महिना पाच हजार आणि दर दोन वर्षांनी हजाराची वाढ असं ठरलं होतं. आमच्या बैठकीतच ह्यांनी ते सांगून टाकलं, "हे पैसे जाणार. त्यावर नंतर बोलणं नको." मी मान डोलावली. कॅशियरचं डोकं लगेच चाललं: पाच तारखेला सहा हजार जाणार, दहा तारखेला पाच हजार येणार. जमा-नावे जवळपास जुळतंय.

जमेची बाजू लग्नाच्या पुढच्याच महिन्यात कोरी पडली.

एप्रिल २०२३ मध्ये लेकीची सहावीची फी भरायची होती. ह्यांनी ओव्हरटाइमच्या पैशातून भरली आणि पावती माझ्या हातात देताना एवढंच म्हणाले, "मी भरतोय त्याचं काही नाही. पण मी कऱ्हाडला चुकवत नाही, मग तो कसा काय चुकवतो? एकदा विचार तरी कुणाला." त्या आठवड्यात मी माहेरी गेले आणि ट्रंकेतून २०१८ चा निकाल काढला.

माहेरच्या तालुक्याच्या कोर्टात आमच्या एक वकीलताई आहेत. त्यांनी निकाल वाचला, पेन्सिल घेतली आणि शेवटच्या पानावर दोन ओळींखाली दोन रेघा मारल्या. अर्जदार क्रमांक एक यांस दरमहा ४,००० रुपये. अर्जदार क्रमांक दोन यांस दरमहा ५,००० रुपये. एक म्हणजे मी. दोन म्हणजे माझी लेक, जिच्या नावापुढे लिहिलेलं असतं: अज्ञान, अ. पा. क. आई. अज्ञान म्हणजे अठराच्या आतली, आणि ते तीन अक्षरांचं रूप म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई.

पहिल्या ओळीवर पेन्सिल ठेवून त्या म्हणाल्या, "हे तुमचे चार हजार. लग्न केलंत त्या तारखेपासून गेले. ते मागायचे नाहीत." मग खालच्या ओळीवर आल्या. "हे हिचे. हिनं कुठं लग्न केलंय?"

इतकं साधं होतं ते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मिळते आणि कलम १२७ खाली ती बदलता किंवा रद्द करता येते. घटस्फोटित बाईनं पुन्हा लग्न केलं तर तिच्या बाबतीतला हुकूम लग्नाच्या तारखेपासून रद्द होतो, असं १२७ मध्ये स्पष्ट आहे. पण तो तिच्यापुरता. आईच्या लग्नानं मुलाचा बाप बदलत नाही. सावत्र बापावर तर कायद्यानं काही बंधनच नाही. "तुमचे मिस्टर फी भरतात ते त्यांच्या मनानं," ताई म्हणाल्या, "उद्या नाही भरली तर त्यांना कुणी विचारू शकत नाही. ज्याला विचारता येतं तो एकच आहे."

(१ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि १२५ चं १४४ झालं, १२७ चं १४६. बाररूममध्ये अजून सगळे 'एकशे पंचवीस'च म्हणतात. मीही तेच लिहिते.)

२०१६ साली आमचा मूळ अर्ज ज्या म्हाताऱ्या वकिलांनी लिहिला, त्यांनी दोघींसाठी दोन वेगळे आकडे मागितले होते. तेव्हा मला वाटलं होतं, एकच नऊ हजार मागायचे सोडून हे काय करत बसलेत. दोघींचा मिळून एकच आकडा असता, तर आता आईचे किती आणि मुलीचे किती यावरच वर्षभर भांडण चाललं असतं, असं ताई म्हणाल्या. ते वकील आता नाहीत. त्यांच्या फीचे पाचशे रुपये माझ्याकडून द्यायचे राहिले ते राहिलेच.

मग ताईंनी विचारलं, किती महिने थकलेत? चौदा, मी म्हटलं. त्यांनी कॅलेंडर पुढं ओढलं आणि पहिल्यांदा वैतागल्या. "कॅशियर आहात ना तुम्ही?"

पोटगीचा हप्ता ज्या दिवशी देय होतो त्या दिवसापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करायचा असतो. त्या पलीकडच्या हप्त्यासाठी कोर्ट वॉरंट काढत नाही. आमचा अर्ज २ मे २०२३ ला पडला. मार्च २०२२ आणि एप्रिल २०२२ असे दोन हप्ते हातचे गेले. दहा हजार रुपये. मे २०२२ ते एप्रिल २०२३ चे साठ हजार राहिले. लोकांना मुदतीचं महत्त्व मी रोज खिडकीतून सांगते. माझ्या लाजेची किंमत मला आकड्यात कळली.

अर्जासोबत एक पुरसीस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, दिली, की मी पुनर्विवाह केला आहे आणि त्या तारखेपासून माझ्यासाठी काही मागत नाही. ताईंचा आग्रह होता, "त्यानं सांगायच्या आधी आपण सांगायचं." त्यामुळे वसुली अर्जात माझं नाव फक्त पालनकर्ती म्हणून उरलं. अर्जदार क्रमांक दोन आता एकटीच अर्जदार होती.

नोटीस दोनदा 'घर बंद' शेऱ्यानं परत आली. घर बंद नव्हतं, दारात टेम्पो उभा असायचा. तिसऱ्यांदा लागली. तो आला नाही, वकीलपत्र आलं. मग मुदतीचे अर्ज. कोर्टाच्या तारखांबद्दल ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको आणि ज्यांना नाही त्यांना सांगून कळायचं नाही. मी रजा मोजायचे. त्या वर्षातल्या माझ्या किरकोळ रजा सगळ्या कोर्टात संपल्या. पोटात बाळ होतं, तेव्हा जिन्यावरून वर जायला एक म्हातारे पक्षकार हात द्यायचे. त्यांचा जमिनीचा दावा होता. दर वेळी विचारायचे, "झालं का तुमचं?" आणि स्वतःच म्हणायचे, "नसंल झालं."

दिवाळीच्या सुटीत एकदा लेकीला ठेवायला कुणी नव्हतं म्हणून बरोबर नेलं. बाळ तेव्हा महिन्याचं होतं, ते आईच्या मांडीवर. लेक बाकावर बसून वहीत किल्ल्याचं चित्र काढत होती. पट्टेवाल्यानं दारात येऊन पुकारा केला आणि तिचं नाव घेतलं, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. ती ताडकन उभी राहिली, वर्गात हजेरी देतात तशी म्हणाली, "हजर!" बाकावरचे सगळे हसले. तोही समोरच्या भिंतीला टेकून उभा होता. तो हसला नाही. वर्ष-दीड वर्षानं तो लेकीला पाहत होता. तिनं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मला विचारलं, "पप्पांनी पण माझ्यासाठीच सुट्टी काढलीय?"

त्या दिवशी कोर्टानं पकड वॉरंटचा हुकूम केला तेव्हा त्याच्या वकिलांनी लगेच वीस हजार भरतो म्हणून सांगितलं. जेल झाली की देणं फिटतं असं पुष्कळांना वाटतं, त्यालाही वाटत असावं. तसं नसतं. एका महिन्याच्या थकबाकीला जास्तीत जास्त एक महिना जेल होते, पण जेल भोगली तरी पैसे देणं राहतंच. सर्वोच्च न्यायालयानं हे १९८८ सालीच सांगून ठेवलंय. न्यायाधीशांसमोर त्यानं पाचशेच्या चाळीस नोटा काढल्या. मी मोजल्या. सवयीनं परत मोजल्या. एक नोट चिकटपट्टीवाली निघाली, ती मी परत करून बदलून मागितली. माझ्या ताई मान खाली घालून हसत होत्या. न्यायाधीश मात्र गंभीरपणे म्हणाले, "बदलून द्या."

जुलैतच त्यानं उलटा अर्ज टाकला होता, कलम १२७ चा. दोन्ही पोटग्या रद्द करा. त्याची कारणं मी इतक्यांदा वाचली आहेत की पाठ झालीत. अर्जदाराच्या आईनं पुनर्विवाह केला आहे. तिच्या नव्या पतीला कंपनीत चांगली नोकरी आहे. अर्जदाराची आई स्वतः कमावती आहे. सामनेवाल्यानंही पुनर्विवाह केला असून त्यास एक मुलगा आहे, वृद्ध आई-वडील आहेत, कौटुंबिक जबाबदारी वाढली आहे. सामनेवाला टेम्पोवर चालक म्हणून काम करतो आणि महिना १२,००० रुपये मिळवतो.

आम्हीही गप्प बसलो नाही. पाच हजार २०१८ चे होते, तेव्हा ती पहिलीत होती. ऑगस्टमध्ये आम्ही रक्कम वाढवून मागण्याचा अर्ज टाकला.

मग दोघांनाही मालमत्ता आणि उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र भरावं लागलं. सर्वोच्च न्यायालयानं ४ नोव्हेंबर २०२० ला रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात हे सगळ्या देशासाठी घालून दिलं. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेलं ते प्रकरण. पगार, खाती, कर्ज, गाडी, दागिने, पोरांचा खर्च, सगळं शपथेवर. माझं सोपं होतं: पगार १९,५००, एक स्कूटी, पतसंस्थेचंच कर्ज. त्याच्या वकिलांना माझ्या मिस्टरांची पगारपत्रकं हवी होती. ताईंनी हरकत घेतली, की ज्याच्यावर जबाबदारीच नाही त्याचा पगार कशाला? माझा पगार मोजा, तो मोजायलाच पाहिजे. आई-बाप दोघंही कमावते असतील तर मुलाचा खर्च दोघांनी आपापल्या ऐपतीनं वाटून घ्यायचा. पद्मजा शर्मा खटल्यात, २००० साली, सर्वोच्च न्यायालयानं बापाचे दोन वाटे आणि आईचा एक असं ठरवलं होतं. म्हणजे मी लग्न केलं याचा काही संबंध नाही, मी नोकरी करते याचा आहे. हा फरक माझ्या घरच्यांना अजून समजावून सांगते आहे.

त्याच्या प्रतिज्ञापत्राला तीन वर्षांची बँक स्टेटमेंटं जोडलेली होती. ताईंनी ती चाळून बाजूला ठेवली. मी रात्री बाळाला पाजता पाजता वाचायला घेतली. एवढं एक काम मला येतं. टेम्पो त्याच्या दुसऱ्या बायकोच्या नावावर होता आणि हा म्हणे नुसता चालक. पण दर महिन्याच्या सात तारखेला त्याच्या खात्यातून १८,४०० रुपये जात होते, एका फायनान्स कंपनीला. सहा तारखेला तेवढीच रोकड खात्यात भरलेली. महिना बारा हजार मिळवणारा माणूस अठरा हजारांचा हप्ता भरतोय, आणि एकदाही चेक परत गेलेला नाही. मी तीस-बत्तीस ओळींवर पिवळी रेघ मारली. उलटतपासात ताईंनी फक्त एक प्रश्न विचारला, "हा हप्ता कशाचा?" तो म्हणाला, आठवत नाही. पुढच्या ओळीवर बोट, "आणि हा?" आठवत नाही. सहा-सात ओळी झाल्यावर न्यायाधीशांनीच थांबवलं.

त्या उलटतपासानंतर त्याच्या वकिलांनी व्हरांड्यात ताईंना गाठलं. तडजोडीचा प्रस्ताव होता. तुमच्या पक्षकाराच्या मिस्टरांनी मुलीला रीतसर दत्तक घ्यावं, आमचे पक्षकार संमतीची सही करतील, मागचं पुढचं सगळं मिटवून टाकू.

माझ्या माहेरी याचं मोठं स्वागत झालं. शाळेत एकच आडनाव लागेल, लग्नाच्या वेळी प्रश्न नको. ह्यांचाही चेहरा उजळला, हे मी पाहिलं. पोरीवर ह्यांचा जीव आहे. ताईंनी मात्र समोर बसवून सांगितलं, दत्तक गेली की त्या क्षणापासून ती कायद्यानं जन्मदात्या बापाची राहत नाही. पोटगी संपते आणि त्या घरच्या वारसाहक्कातलं तिचं नावही जातं. तिच्या आजोबांची नीरेच्या कालव्यावर बागायत जमीन आहे. "तो सही काय उगाच करतोय?" ताई म्हणाल्या. हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला बाप म्हणायला कागद नको तिला. राहू दे."

निकाल जानेवारी २०२५ मध्ये लागला. माझे चार हजार माझ्या लग्नाच्या तारखेपासून रद्द, जे आम्ही मान्यच केलं होतं. मुलीची पोटगी रद्द करण्याची मागणी फेटाळली. रक्कम ७,५००, आमच्या वाढीच्या अर्जाच्या तारखेपासून. आम्ही दहा मागितले होते. त्याच्या दुसऱ्या मुलाचा आणि माझ्या पगाराचा विचार केला आहे, असं निकालात लिहिलं होतं. शेजारीच हेही, की पहिल्या मुलीची जबाबदारी माहीत असताना त्यानं स्वखुशीनं दुसरा संसार मांडला, तेव्हा त्या कारणानं पहिलीला वाऱ्यावर सोडता येणार नाही.

ते वाक्य वाचून मला जो आनंद व्हायला हवा होता तो झाला नाही. का, ते सांगते.

२०२४ च्या उन्हाळ्यात ह्यांच्या कंपनीत ओव्हरटाइम बंद झाला. हातात चौतीस हजारांच्या जागी सत्तावीस यायला लागले. बाळाचं दूध, घरभाडं, लेकीची शिकवणी, आणि पाच तारखेला कऱ्हाडचे सात हजार. पुढच्या जानेवारीपासून आठ होणार होते. एका रविवारी दीर आले, जेवताना म्हणाले, "दादा, अर्ज टाक की कमी करायचा. आता तुझं कुटुंब वाढलंय. कोर्ट ऐकतं."

कोर्ट ऐकतं हे खरंच आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कल्याण डे चौधरी यांच्या प्रकरणात बायकोची पोटगी २३,००० वरून २०,००० केली, त्यात नवऱ्याचं दुसरं लग्न आणि त्यातलं मूल हे एक कारण होतं. हे मला ठाऊक होतं, कारण माझ्या विरोधात तोच निवाडा दाखल झालेला होता.

हे काही बोलले नाहीत. बोलले मीच. "टाकून बघायला काय हरकत आहे?"

एवढ्यावर थांबले नाही. आमच्या घरात कोर्टाचा कागद मला जास्त कळतो, म्हणून वकिलांना द्यायचे मुद्दे रात्री मीच लिहून काढले. पगारपत्रक जोडलं, ओव्हरटाइम बंद झाल्याची नोटीस जोडली. घरभाड्याची पावती. बाळाचा जन्मदाखला. खोटं त्यात काही नव्हतं. लिहिता लिहिता चौथा मुद्दा आला: अर्जदारानं पुनर्विवाह केला असून त्यास एक अपत्य आहे, कौटुंबिक जबाबदारी वाढली आहे. पेन तिथंच थांबलं. शब्द माझे नव्हते. लेकीच्या बापाच्या अर्जातले होते, जसेच्या तसे.

पेन खाली ठेवलं असं लिहिता आलं असतं तर बरं दिसलं असतं. मी पाचवा मुद्दा लिहिला आणि झोपले. ऑगस्टमध्ये अर्ज दाखल झाला. कलम वेगळं होतं, हिंदू विवाह कायद्याचं २६, भांडण तेच. आता हे अर्जदार आणि पंधरा वर्षांचा तो मुलगा सामनेवाला, अ. पा. क. आई.

कऱ्हाडच्या पहिल्या तारखेला मी मुद्दाम गेले. समोरच्या बाकावर ती बसली होती. साडीवर स्वेटर, मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. कागद कसे लावलेत ते मी लांबून बघत होते. तारखेवार, वरती टाचणी. माझ्यासारखेच. तिनं दुसरं लग्न केलेलं नाही. शिवणकाम करते. मला वाटलं होतं, ती माझ्याकडे बघणार नाही. ती उठून आली आणि म्हणाली, "तुमची मोठी कितवीला?" सातवी, मी म्हटलं. "तिचे येतात का वेळेवर?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "ह्यांचे येतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही." मग थोडं थांबून, "पण दहावीचं वर्ष आहे हो."

त्या दिवशी घाटातून परत येताना आम्ही दोघं फारसं बोललो नाही. शिरवळ जवळ आल्यावर हे म्हणाले, "दोन हजारांनी आपलं काय भागणार होतं?" भागलं असतं थोडंफार. मी हिशोब केलेला होता.

डिसेंबरमधल्या राष्ट्रीय लोकअदालतीत ते प्रकरण मिटलं. सात हजार कमी होणार नाहीत, पण जानेवारीची हजाराची वाढ दोन वर्षं लागणार नाही. तिनं एक गोष्ट मागून घेतली. मुलाची पोटगी कायद्यानं अठराव्या वर्षी थांबते. मुलीचं तसं नाही, अविवाहित आणि स्वतःचा खर्च भागत नसेल तोवर तिचा बापावर हक्क राहतो, हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्याखाली. मुलाला मात्र अठरा झाले की संपलं. "तो अठराचा होईल तेव्हा डिप्लोमाच्या मधल्या वर्षात असेल," ती म्हणाली, "तेव्हा काय करू?" ह्यांनी लिहून दिलं, डिप्लोमा पूर्ण होईपर्यंत देईन. माझ्याकडे न बघता लिहून दिलं. मी आत बाळाला घेऊन उभी होते आणि मनातल्या मनात महिने मोजत होते, किती वाढले ते. चुकीचं वाटत होतं, तरी मोजत होते.

त्यानंतर महिन्याभरात माझ्या बाजूचा निकाल हातात आला. पहिल्या लेकराला वाऱ्यावर सोडता येणार नाही, हे वाक्य ह्यांनी दोनदा वाचलं. "बरोबर लिहिलंय," म्हणाले आणि घडी घालून कपाटात ठेवलं.

फरकाची थकबाकी तो चार हप्त्यांत देणार होता, तीन आले. चालू पोटगी कधी नऊ तारखेला येते, कधी एकोणीस. कऱ्हाडचे सात हजार पाच तारखेला आपोआप जातात, तशी सूचनाच बँकेत देऊन ठेवली आहे. लेकीचं स्वतःचं बचत खातं आहे, पैसे आता तिथंच येतात. ती पासबुक छापून आणते आणि वाचते. एकदा विचारलं, "दादाचे वेळेवर जातात, माझे का नाही येत?" मी म्हटलं, विसरतात पप्पा. ती म्हणाली, "मग त्यांना पण बाबांसारखं बँकेत सांगून ठेवायला सांग ना."

या महिन्यात आज चौदा तारीख झाली, पैसे आले नाहीत. मी मेसेज केलेला नाही. निळी वही काढली, दहा तारीख लिहिली, पुढं ७,५०० लिहिले आणि त्यापुढं पुढच्या वर्षीची तीच तारीख लाल पेननं.